घट्ट म्हणजे किती घट्ट?

मिरजेला माझ्या आत्याच्या बाथरूमबाहेर, दाराच्या चौकटीवर, एक छोटा एमसीबी बॉक्स आहे. गीझरचा. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो मी बसवला. खरं तर हे काम बाबांचं. बाबा वायरमन आहेत, पस्तीस वर्षं तेच करतायत. पण त्या दिवाळीत त्यांचा गुडघा धरला होता आणि स्टुलावर चढायला आईने बंदी घातली होती. मी पुण्याहून चार दिवसांसाठी आले होते. "इलेक्ट्रिकलची इंजिनियर ना तू? मग बसव की," असं आत्या म्हणाली. डिग्री इलेक्ट्रिकलची असली तरी कॉलेज संपल्यापासून मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे हे वाक्य मला थोडं लागलं आणि मी बाबांच्या पिशवीतून टेस्टर आणि पक्कड घेऊन निघाले.

काम मी मन लावून केलं, हे मला नक्की आठवतंय. मेन बंद केला, टेस्टरने दोनदा खात्री केली. वायर बेताची सोलली, तांब्याच्या तारा नीट पिळल्या, टर्मिनलमध्ये घातल्या आणि स्क्रू आवळला. अगदी बोटं दुखेपर्यंत. टेस्टरच्या बारीक मुठीचा वळ तर्जनीवर उठला होता आणि तो मी कौतुकाने बघितल्याचंही आठवतंय. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "घट्ट केलंस ना?" मी म्हटलं, "हो, केलं."

आठ महिन्यांनी, पावसाळ्यात, आत्याला जळकट वास आला. तिने गीझर बंद केला आणि बाबांना बोलावलं. बाबांनी बॉक्स उघडला तेव्हा एमसीबीचा खालचा एक कोपरा काळा पडून वितळला होता आणि फेजच्या वायरवरचं प्लास्टिक बोटभर करपलं होतं. याहून जास्त काही झालं नाही. झालं असतं तर हा लेख मी लिहिला नसता, दुसऱ्या कोणाला तरी वेगळ्या कारणाने लिहावा लागला असता. आत्याने सगळा दोष एमसीबीला दिला, "हल्लीचा मालच तसला." बाबा काही बोलले नाहीत. जळका तुकडा त्यांनी कापून खिशात टाकला आणि रात्री मला फोन केला. आवाजात राग नव्हता. त्यांनी आधीचाच प्रश्न पुन्हा विचारला. "घट्ट केलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो."

मी खोटं बोलत नव्हते. आणि स्क्रू सैल होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागलाय.

* * *

आधी जळण्याबद्दल, कारण त्यातलं गणित सोपं आहे आणि भीतिदायक आहे.

दोन धातूंचे पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर डोंगरदऱ्या असतात. एकावर एक ठेवले की फक्त शिखरं शिखरांना टेकतात. वीज सगळ्या पृष्ठभागातून जात नाही, या मोजक्या टेकलेल्या ठिपक्यांतून जाते. रॅग्नार होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात याच ठिपक्यांच्या अभ्यासात जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं. स्क्रू आवळतो तेव्हा आपण ही शिखरं दाबून थोडी चपटी करत असतो, म्हणजे विजेला जायला जागा वाढवत असतो. दाब कमी पडला तर ठिपके कमी, रोध जास्त.

आत्याचा गीझर ३ किलोवॅटचा, लगेच पाणी तापवणारा. २३० व्होल्टवर तो साधारण १३ अँपियर घेतो. चांगल्या जोडाचा रोध मिलिओहमच्या घरात असतो. १ मिलिओहम धरला तर तिथे १३ गुणिले १३ गुणिले ०.००१, म्हणजे पाव वॅटही उष्णता होत नाही. सैल जोडाचा रोध ०.१ ओहमपर्यंत गेला की तेच उत्तर १७ वॅटच्या आसपास येतं. बाबांच्या पेटीतला छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. त्याच्या दोन तृतीयांश उष्णता, नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली. गीझर चालू झाला की जोड तापतो, तांबं फुगतं. बंद झाला की आकसतं. रोज हे होत राहिलं की जोड आणखी सैल होतो, तांब्यावर काळा थर धरतो, रोध आणखी वाढतो आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी तापतो.

आणि हे कोणाला कळत नाही. ०.१ ओहमवर १३ अँपियरला जेमतेम १.३ व्होल्ट कमी होतात, गीझरला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबीचं काम ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की पडायचं, आणि इथे करंट जास्त नसतोच. ईएलसीबी गळती बघतो, इथे गळतीही नाही. घरातल्या सगळ्या राखणदारांच्या समोर हे चालतं आणि त्यांच्यापैकी कोणाच्याच यादीत हा गुन्हा नाही. कधीकधी टर्मिनलची उष्णता एमसीबीच्या आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि तो उगाच पडतो. आत्याने नंतर सांगितलं, "मधूनमधून पडायचा गं तो. आम्ही वर करायचो परत." पडणाऱ्या एमसीबीच्या जागी मोठ्या अँपियरचा एमसीबी टाकणारी घरंही बाबांनी पाहिली आहेत.

मग पीळ बसेल तितका द्यावा, असं वाटेल. तेही चुकीचं. जास्त आवळलं तर आटे जातात, बारीक तारा तुटतात, टर्मिनलच्या पितळेला चीर जाते. म्हणजे योग्य घट्टपणा ही एक ठरावीक जागा आहे, तिच्या दोन्ही बाजूंना चूक आहे, आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

ही जागा कुठे आहे, ते एमसीबीच्या अंगावर छापलेलं असतं. माझ्या जळक्या एमसीबीवरही होतं, बारीक अक्षरांत: २ न्यूटन-मीटर. बसवताना मी ते वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी काय केलं असतं, हा प्रश्नच आहे. २ न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती लागतं, हे मला कुठे माहीत होतं?

* * *

फोननंतर काही आठवड्यांनी मी टॉर्क स्क्रू ड्रायव्हर विकत घेतला. दिसायला जाड मुठीचा साधा स्क्रू ड्रायव्हर, पण मुठीत एक स्प्रिंग असते आणि मागे आकडा लावायची सोय. २ वर लावला की २ न्यूटन-मीटरला तो 'कट्' करतो आणि मूठ निसटते. त्यापुढे तुम्ही कितीही जोर लावा, स्क्रूपर्यंत पोचत नाही.

पहिल्यांदा तो वापरला तेव्हा चटका बसला. 'कट्' व्हायच्या कितीतरी आधी, जुन्या सवयीने, मी थांबणार होते. मग मी हिशोब केला. ३ सेंटिमीटर जाडीच्या मुठीवर २ न्यूटन-मीटर द्यायला तळहाताने साधारण १३ किलोचा जोर लावावा लागतो. टेस्टरची मूठ जेमतेम १ सेंटिमीटर जाडीची. तिच्यावर तेवढाच पीळ द्यायला ४० किलोचा जोर लागेल. तो माझ्या बोटांत नाही. म्हणजे त्या दिवाळीत माझी बोटं दुखली ती स्क्रू घट्ट झाला म्हणून नाही, मूठ बारीक होती म्हणून. मी दुखण्याला घट्टपणा समजले. तर्जनीवरचा तो वळ माझा पुरावा होता आणि तो भलत्याच गोष्टीचा पुरावा होता.

मला वाटतं, ही चूक फक्त स्क्रूपुरती नाही. आपण किती कष्ट घेतले याची आपल्याला आतून जाणीव असते. ती जाणीव खरी असते, ताजी असते, दुसऱ्या कोणाला दिसत नसली तरी आपल्याला पक्की माहीत असते. मग आपण नकळत तिलाच कामाचं माप करतो. 'मी एवढं केलं' पासून 'एवढं झालं' पर्यंतची उडी आपण मारली आहे, हे लक्षातही येत नाही.

दिवाळीला मी स्क्रू ड्रायव्हर मिरजेला नेला. बाबांकडे भंगारात काढलेला एक डीबी होता. आम्ही त्यातल्या बारा टर्मिनलांना वायरचे तुकडे लावले. बाबांनी आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळायचं, मी मार्करने स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या प्लास्टिकवर एक सलग रेघ मारायची, मग स्क्रू सोडवून २ न्यूटन-मीटरला पुन्हा आवळायचा. रेघ जुळली तर बरोबर, पुढे गेली तर आधी सैल होतं, अलीकडे राहिली तर जास्त आवळलं होतं. ही काही प्रयोगशाळेतली पद्धत नाही, ढोबळ अंदाज येतो इतकंच. बाबांना गंमत वाटत होती. पहिले आठ त्यांनी टेबलावर केले. शेवटचे चार मी त्यांना डीबी भिंतीवर, डोक्याच्या वर धरून करायला लावले, कारण खरं काम तसंच होतं.

पहिल्या आठही रेघा अलीकडे राहिल्या, आणि जवळजवळ सारख्याच अंतरावर. म्हणजे बाबांचा हात आठही वेळा तोच जोर देत होता, फक्त तो जोर जास्त होता. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर लाकडी मुठीचा, चांगला जाड आहे. त्यांचा हात तयार झाला तो चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजवर, मोठ्या पितळी स्क्रूंवर, ॲल्युमिनियमच्या जाड तारांवर. ते सामान गेलं, हात तसाच राहिला. शेवटच्या चारांपैकी तिघांच्या रेघा मात्र पुढे गेल्या. डोक्यावर हात धरून त्याच माणसाचा तोच हात कमी पडत होता, आणि बाबांना त्यात काहीच फरक जाणवला नव्हता. "सगळे सारखेच आवळले मी," ते म्हणाले. मला माझं 'हो' आठवलं.

गंमत तिथे संपली. बाबा बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे पस्तीस वर्षं चुकीचं केलं म्हणायचं."

* * *

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होता. त्याच्या नावाचं बीजगणित आज काँप्युटर ग्राफिक्समध्येही वापरतात, त्यामुळे नाव मला आधीपासून ठाऊक होतं. पण १८७७ साली त्याने 'विश्वासाची नैतिकता' या विषयावर एक निबंध लिहिला होता, हे मला उशिरा कळलं. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला आलंय, हे त्याला माहीत आहे. त्यातून स्थलांतरित कुटुंबं दूरच्या प्रवासाला निघणार आहेत. त्याच्या मनात शंका येते, पण दुरुस्तीला खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याची मनापासून खात्री पटते. तो हसतमुखाने जहाजाला निरोप देतो, जहाज बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्डचं म्हणणं असं, की त्याचा विश्वास प्रामाणिक होता याने काहीही फरक पडत नाही. हातात जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. क्लिफर्ड आणखी एक पाऊल पुढे जातो. समजा जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी ठरला असता. शेवट कसा झाला याने विश्वास ठेवण्याचा हक्क मागाहून मिळत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जहाजमालकाचा राग आला, कारण तो लोभी आहे. पण माझ्या बाबतीत लोभ नव्हता. मला काही वाचवायचं नव्हतं, वेळही भरपूर होता. मी स्वतःची समजूत घातली नव्हती, कारण समजूत घालायला आधी शंका यावी लागते आणि मला ती आलीच नाही. मग मी जहाजमालकापेक्षा बरी की वाईट? दोष कमी म्हणता येईल. पण आत्याच्या बाजूने बघितलं तर लोभी माणसाचा सैल स्क्रू आणि प्रेमळ भाचीचा सैल स्क्रू यात १७ वॅटचा एकही वॅट इकडेतिकडे होत नाही.

म्हणून क्लिफर्डचं मला पटलेलं आणि थोडं बदलून घेतलेलं म्हणणं असं: 'मन लावून केलं' हे कामाबद्दलचं विधान नाही, माझ्याबद्दलचं आहे. आत्या विचारते तेव्हा तिला माझ्याबद्दल नाही, स्क्रूबद्दल जाणून घ्यायचं असतं. तिला 'हो' म्हणायचं असेल तर त्या 'हो'च्या मागे माझ्या मनाबाहेरचं काहीतरी हवं, जे मला 'नाही' म्हणू शकेल असं काहीतरी. टॉर्क स्क्रू ड्रायव्हर मला नाही म्हणू शकतो. दुखरी बोटं म्हणू शकत नव्हती, ती पहिल्यापासून माझ्याच बाजूची होती.

* * *

पण मग बाबांच्या पस्तीस वर्षांचं काय?

यावर मी त्या दिवाळीत जे बोलले ते वरवरचं होतं. "तसं नाही हो बाबा, तुमच्या हातचं कुठे काय जळलंय?" वगैरे. क्लिफर्ड वाचल्यावर कळतं की हे उत्तर चालत नाही. जहाज बुडलं नाही म्हणून मालक सुटत नाही. पण नंतर मी त्यांच्याबरोबर दोन दिवस कामावर गेले, फक्त बघायला, आणि लहानपणापासून समोर असलेलं मला पहिल्यांदा दिसलं.

बाबा स्क्रू आवळतात आणि मग प्रत्येक वायर ओढून बघतात. चिमटीत धरून, एक झटका. वायर एकेरी बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करतात, म्हणजे टर्मिनलमध्ये भरीव बसते. सगळं चालू केल्यावर पाऊण तास थांबतात, चहा पितात, आणि जाण्याआधी एकेका एमसीबीवर तळहात ठेवतात, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. एखादा शेजाऱ्यांपेक्षा कोमट लागला तर पुन्हा उघडतात. आणि मोठ्या घरांत, कारखान्यांत, ते दसऱ्याच्या आधी परत जातात. मालकाला वाटतं खंडेनवमीच्या पूजेसाठी पॅनल पुसायला आलेत. ते सगळे स्क्रू पुन्हा बघत असतात. याचे वेगळे पैसे त्यांनी कधी घेतलेले नाहीत.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने कारागिराच्या हातातल्या, शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानाबद्दल बरंच लिहिलंय. इंजिनियरिंग शिकलेल्या माझ्यासारख्यांना असं ज्ञान म्हटलं की एकतर त्याची टिंगल करावीशी वाटते किंवा आरती ओवाळावीशी वाटते. दोन्हीत आपण असं धरून चालतो की ते ज्ञान म्हणजे हाताचा अंदाज. बाबांच्या बाबतीत ते खरं नव्हतं. अंदाज हा त्यांच्या ज्ञानाचा छोटा आणि, रेघांनी दाखवलं तसा, कच्चा भाग होता. पक्का भाग होता तो अंदाजावर विश्वास न ठेवण्याचा. ओढून बघणं, तळहात ठेवणं, परत जाणं ही सगळी बाबांनी स्वतःच्या हाताविरुद्ध उभी केलेली साक्ष होती. 'नाही' म्हणणारी यंत्रणा त्यांच्याकडे होती, फक्त तिच्यावर आकडे छापलेले नव्हते.

आणि मी काय उचललं होतं? लहानपणी त्यांच्यामागे पिशवी घेऊन फिरताना मी त्यांचा मनगटाचा तो शेवटचा झोकदार पीळ बघितला होता आणि तो माझ्या मनगटात आला होता. आत्मविश्वास डोळ्यांना दिसतो, त्याची नक्कल करता येते. शंका दिसत नाही. चहा पिताना हा माणूस काहीतरी तपासतोय, हे मला कधी कळलंच नव्हतं.

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ओढून बघायचं मी तुला सांगितलं होतं." मला आठवत नाही. सांगितलं असेल.

* * *

इथे एक आक्षेप घ्यायला हवा, कारण तो न घेता हा लेख संपवला तर तो वायरमन लोकांना उपदेश होईल, आणि तो अधिकार मला नाही.

वायरिंगचे पैसे पॉइंटवर मिळतात. इतके पॉइंट, इतके रुपये. किती स्क्रू योग्य आवळले याचा दर कुठल्याही कोटेशनमध्ये नसतो, आणि झाकण लागल्यावर ते कोणाला दिसतही नाहीत. हा स्क्रू ड्रायव्हर मी हेडफोन घ्यावा तसा घेतला. नव्याने काम शिकणाऱ्या मुलाला ती किंमत कित्येक दिवसांची मजुरी असते. शिवाय घेऊन भागत नाही. तो वर्षाने किंवा ५,००० वेळा वापरल्यावर पुन्हा तपासून घ्यायचा असतो, कारण स्प्रिंगही थकते. ज्याच्या कामाला सगळ्यात कमी मोल त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त नैतिकतेची अपेक्षा करायची, ही आपली जुनी खोड आहे.

इतर देशांनी या प्रश्नाची दोन उत्तरं दिली आहेत आणि दोन्ही मला विचार करण्यासारखी वाटतात. लंडनच्या अग्निशमन दलाला घरांतल्या प्लास्टिकच्या वितरण पेट्यांना लागलेल्या आगींमागे मुख्यतः सैल जोड सापडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०१६ पासून घरातल्या नव्या पेट्या न जळणाऱ्या, म्हणजे व्यवहारात धातूच्या, कराव्या लागल्या. अमेरिकेच्या विद्युत संहितेने २०१७ च्या आवृत्तीत वेगळा रस्ता घेतला: उत्पादकाने टॉर्कचा आकडा दिला असेल तर तो तपासून घेतलेल्या टॉर्क-साधनानेच गाठायचा. पहिला नियम म्हणतो, माणसाचा हात चुकणारच, निदान आग डबीत राहू दे. दुसरा म्हणतो, हाताला माप द्या. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. 'चांगले वायरमन नेमा' किंवा 'मन लावून काम करा' असं म्हणून कोणी थांबलं नाही. सद्गुणावर सगळा भार टाकण्याऐवजी त्याला आधार द्यायला हवा, आणि त्या आधाराचा खर्च ज्याच्या घरात दिवा लागतो त्याने उचलायला हवा. पुढच्या वेळी घराचं काम काढाल तेव्हा वायरमनला 'पॉइंटचा काय रेट?' याच्या पुढे एक प्रश्न विचारा, आणि उत्तराचे पैसे द्या.

दुसरा आक्षेप उलट बाजूने. आकड्याचीही अंधश्रद्धा होते. स्क्रूला दिलेल्या पिळातला साधारण नव्वद टक्के भाग नुसत्या घर्षणात जातो, तारेवर दाब म्हणून दहा टक्क्यांच्या आसपासच पोचतो. आटे गंजलेले असतील तर 'कट्' होईल आणि तार मोकळीच राहील. वायर टर्मिनलच्या पट्टीत न जाता तिच्या मागे सरकली तरी 'कट्' होतो. वायर नीट सोलली नसेल आणि स्क्रू प्लास्टिकवर बसला तरी होतो. 'कट्' फक्त एवढंच सांगतो, की मुठीवर अमुक इतका पीळ पडला.

हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण माझ्या रोजच्या धंद्यात हेच चालतं. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने केलेला बदल मी तपासून पास केला. सगळ्या चाचण्यांपुढे हिरव्या खुणा होत्या. तो बदल चालू झाल्यावर काही ग्राहकांना एकच बिल दोनदा गेलं. नंतर बघितलं तर चाचणी एवढंच तपासत होती की बिल पाठवणारा कोड चालतो का. चालत होता, दोनदा. मीटिंगमध्ये मला विचारलं, "तू बघितलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो, बघितलं होतं." वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला आत्याचा बॉक्स दिसला. या वेळी माझ्याकडे बाहेरची साक्ष होती, हिरव्या खुणांची. पण ती कशाची साक्ष आहे, हे मी विचारलं नव्हतं. दुखऱ्या बोटांऐवजी हिरव्या खुणा, एवढाच फरक.

म्हणजे माप हातात आलं म्हणून शंका घेण्याचं काम संपत नाही. बाबांचा झटका आणि माझा 'कट्' एकमेकांच्या जागी येऊ शकत नाहीत. वायर मागे सरकलेली झटक्याला कळते, 'कट्'ला नाही. डोक्यावर धरलेला हात कमी पडतोय हे 'कट्'ला कळतं, झटक्याला कळेलच असं नाही. आणि आठ महिन्यांनी काय झालं असेल, हे दोघांनाही कळत नाही. त्यासाठी परत जावं लागतं.

* * *

त्याच दिवाळीत आम्ही दोघं आत्याकडे गेलो. मधल्या काळात बाबांनी नवा एमसीबी बसवला होता, तोच मी उघडला. वायरची टोकं कापून ताजी सोलली, २ ला 'कट्' होईपर्यंत आवळली. बाबांनी काही न बोलता प्रत्येक वायर ओढून बघितली. मग आत्याच्या नेलपॉलिशने मी प्रत्येक स्क्रूवरून शेजारच्या प्लास्टिकवर एक लाल रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, उघडणारा कोणीही असो. आत्या म्हणाली, "हे काय, त्याला पण नटवताय का?"

चहा घेताना मी तिला सांगितलं की मागचा एमसीबी खराब नव्हता, स्क्रू मीच सैल ठेवला होता. ती जराशी गप्प झाली. मग म्हणाली, "असू दे. मुद्दाम केलंस थोडीच." मला वाटतं, यावर मी हे सगळं तिला सांगायला हवं होतं, मुद्दाम आणि न मुद्दाम यातलं. सांगितलं नाही. बाबा उठून बॉक्सपाशी गेले होते. गीझर पाऊण तास चालू होता आणि त्यांनी एमसीबीवर तळहात ठेवला होता. मीही जाऊन ठेवला.

आत्याने आतून विचारलं, "आता बरोबर झालं ना गं?"

मी म्हटलं, "दोनला आवळलाय. बाबांनी ओढून बघितलंय. आत्ता गार लागतोय. दसऱ्याला येऊन परत बघते."

"एवढं कोण विचारतंय," आत्या म्हणाली. "हो की नाही, ते सांग."